गुरुवारचा उपवास रविवारी सुटतो

गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी शिवाजी पेठेत महिनाभर एक कुजबुज चालली होती. आकाराम गिरणीवाल्याची बायको वर्षाराणी म्हणे उपवासाच्या दिवशी बरोबर दुपारी एक वाजता गिरणीतून नाहीशी होते. कोपऱ्यावर रिक्षा धरते आणि थेट राजारामपुरीत जाते. तिथं एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, दाराला पाटी नसलेल्या फ्लॅटात शिरते. दार आतून लागतं. तासाभरानं ती खाली उतरते, ती पदरानं तोंड पुसत.

बातमी आणली सयाजी रिक्षावाल्यानं. सयाजीच्या बातमीचं एक बरं असतं, पहिल्या दिवशी ती लहान असते. सोमवारी तो नुसतं "गेली आन आली" म्हणाला. गुरुवारी त्यात तोंड पुसणं आलं. शनिवार उजाडेपर्यंत त्या जिन्यात मटणाच्या रश्श्याचा वास सुटला होता.

पुढचं काम गिरणीसमोरच्या कट्ट्यानं केलं. आम्ही चार-पाच म्हातारे तिथं दळण टाकून बसतो. दळण अर्ध्या तासात होतं, आम्ही दोन तास बसतो. एकजण म्हणाला, उपवासाच्या नावाखाली बाई मटण हाणते. दुसऱ्याचं म्हणणं, तिथं कुणीतरी बाबा बसत असणार, अंगारा देत असणार. समोरच्या घरातल्या बाळाबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाईमाणूस हाय म्हणून बोलत न्हाय, पण बाटलीचा नाद असला तर?" आणि एकदोघांनी याच्याही पुढची शंका काढली. ती इथं लिहीत नाही, कारण वर्षाराणीला वाचता येतं आणि माझी ज्वारी अजून तिच्याच गिरणीत दळून येते.

वर्षाराणी कोण, हे पेठेत कुणी विचारणार नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. वय सेहेचाळीस. माहेर कबनूरचं. आई धोंडुबाई यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायची. पोरगी सून होऊन पेठेत आली आणि दोन वर्षांत गिरणीवर उभी राहिली. आकाराम बोलायला तसा कमीच. गिरणीच्या आवाजात बोलून उपयोग नाही हे त्याला लहानपणीच कळलेलं. त्यामुळं घरातलं सगळं बोलणं हिच्या वाट्याला आलं आणि तिनं ते आनंदानं केलं. पोत्यात हात घातला की ही ज्वारी कुठली, जुनी का नवी, ती सांगणार. नवी सून दळण घेऊन आली की विचारणार, "जाड दळू का बारीक? सासूला दात हायत का तुझ्या?" पेठेतल्या कुठल्या घरात काय शिजतं, कुणाचं दळण एकदम निम्म्यावर आलं, म्हणजे कुणाची पोरं पुण्याला गेली, हे तिला घरच्यांच्या आधी कळायचं. आता अशा बाईबद्दलच काहीतरी बोलायला मिळालं म्हटल्यावर कट्ट्याला उत्साह येणारच की.

तिच्या उपवासांची गोष्ट अशी. सोमवार तिचा स्वतःचा, लग्नाआधीपासूनचा. गुरुवार तिनं नृसिंहवाडीला जाऊन धरलेला. एवढ्यावर थांबलं असतं. पण तिची सासू तानाबाई. बाई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची. साठ वर्षं तिनं शुक्रवार अंबाबाईचा आणि शनिवार मारुतीचा धरला. सहा वर्षांपूर्वी चक्कर यायला लागल्यावर तिनं देवापुढं सुनेला बसवलं, तिच्या हातावर सुपारी ठेवली, वर पळीभर पाणी सोडलं आणि म्हणाली, "हे दोन वार आता तुझं." इस्टेटीची वाटणी होते तशी उपवासांची वाटणी झाली. फरक इतकाच की हे नको म्हणायची सोय नव्हती.

त्यात त्या घरची रीत कडक. उपवास त्याच रात्री सोडायचा नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सोडायचा. आता हिशेब बघा. गुरुवारचा उपवास शुक्रवारी सकाळी सोडायचा, तर शुक्रवारी उपवास. शुक्रवारचा शनिवारी सोडायचा, तर शनिवारी उपवास. म्हणजे गुरुवारी धरलेला सुटायचा रविवारी, तोही मटणावर.

तानाबाईच्या काळात उपवासाला वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी असायची. नाहीतर उकडलेलं रताळं. तेही एकदाच. वर्षाराणीला सकाळी आठला गिरणी उघडायची. वरी कधी धुवायची आणि आमटी कधी वाटायची? पण गिरणीच्या भिंतीला एक फळी होती. लोक तयार पिठाच्या पिशव्या आणायला लागल्यावर दळणं कमी झाली, तेव्हा आकारामनं तिथं पाकिटं टांगली होती. उपवासाचे वेफर्स, उपवासाचा गोड चिवडा, राजगिऱ्याची बिस्किटं, गरम पाण्यात टाकली की फुगणारी खिचडी, आंब्याच्या चवीचं बाटलीतलं काहीतरी. प्रत्येकावर ठसठशीत लिहिलेलं, उपवास स्पेशल. उभ्या उभ्या एक पाकीट फोडायचं, तोंडात टाकायचं, दळणाकडं बघायचं. पोट भरलंय असं काही वाटायचं नाही, म्हणून पुन्हा तासाभरानं दुसरं फोडायचं.

सहा वर्षांत बाई रुंद झाली. चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला. दुपारी तीन वाजले की डोळे मिटायला लागायचे. पेठेत तर तिच्या तोंडावर म्हणायचे, "वर्षावैनी, उपवास मानवतोय तुम्हाला." ती हसायची. आणि वजन वाढलं म्हणून संकष्टीही धरायची.

गेल्या वर्षी नागपंचमीला ती कबनूरला गेली. धोंडुबाईला आता दिसत नाही. साखर कधी लागली, कुणाला कळलंच नाही. कळलं ते कांडीवरचा धागा दिसेनासा झाला तेव्हा. लेक आली की म्हातारी दोन्ही हातांनी तिचं तोंड चाचपते. दरवेळी म्हणायची, "वाळलीस गं." या वेळी गालांवर दोनदा हात फिरवून म्हणाली, "मला अशीच सूज हुती गं पयल्यांदा."

वर्षाराणीनं हे कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर ती सुईत दोरा ओवताना दोनदा डोळे चोळायला लागली, असं आकाराम सांगतो.

मग एका शुक्रवारी दुपारी ती गिरणीतल्या स्टुलावर बसल्या बसल्या झोपली. वरच्या डब्यातलं दळण संपलं आणि दगडावर दगड घासायला लागला. जळका वास कट्ट्यापर्यंत आला. आम्ही "अवो वैनी, वैनी" करेपर्यंत आकाराम आतून धावत आला आणि त्यानं बटण बंद केलं. ती दचकून उठली आणि दगडाकडं बघत म्हणाली, "गेला का ओ?"

आकारामनं दगडावरून हात फिरवला. मग म्हणाला, "दगडाला टाकी लावून परत धार काढता येती. तुला काय लावायची?" वर्षभरातलं त्याचं सगळ्यात लांब बोलणं. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः गिरणी बंद ठेवली आणि तिला राजारामपुरीत डॉक्टर मधुवंतींकडं नेलं. तो बाहेरच बाकावर बसला.

तिथं जे झालं ते वर्षाराणीनं मागाहून इतक्या वेळा रंगवून सांगितलंय की मला तोंडपाठ आहे.

"रोज काय खाता?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय न्हाय वो म्याडम. आठवड्यात चार दिवस तर उपवासच असतो."

"म्हणजे चार दिवस काहीच खात नाही?"

"काहीच न्हाय."

"वजन ब्याऐंशी आहे."

"तेच सांगाय आलोय न्हवं. उपवास करून करून ही गत."

डॉक्टर मधुवंती तरुण असल्या तरी माणसं वाचलेल्या. त्यांनी पेन उचललं. "बरं, चहा घेता उपवासाला?"

"चहा चालतो की."

"किती?"

"पाच. सा म्हणा. साखर जरा बरी घालतो, अंगात ताकद नको?"

"चहाबरोबर?"

"उपवासाची बिस्किटं."

"आणि अकरा-बारा वाजता?"

"वेफर्सचं एक पाकीट. दुपारी ती फुगणारी खिचडी. मग जरा चिवडा. उन्हाचं ते आंब्याचं. रात्री आत्ती, म्हंजे सासूबाई, ओरडत्यात म्हणून दूध, त्यात ती ताकदीची पावडर."

डॉक्टर लिहीत होत्या. कागदाची एक बाजू संपली, त्यांनी तो उलटला. लिहून झाल्यावर कागद वर्षाराणीपुढं ठेवला. तिनं वरपासून खालपर्यंत वाचला.

"अगं बाई," ती म्हणाली, "एवढं मी जेवायच्या दिवशी बी खात न्हाय."

खोटं ती एका शब्दानं बोलली नव्हती. आपल्याकडं उपवासाला खाल्लेलं खाण्यात धरायचंच नसतं, हे कुणी शिकवत नाही, पण सगळ्यांना येतं. आमच्या घरात अजूनही आषाढीला रोजच्या दुप्पट शिजतं आणि संध्याकाळी सगळे उपाशी असतात.

रक्ताचा कागद दोन दिवसांनी आला. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा सहा पॉइंट तीन. डॉक्टर म्हणाल्या, साखर अजून लागलेली नाही, पण काठावर उभ्या आहात. वर्षाराणीनं एकच विचारलं.

"डोळ्याला काय व्हईल का?"

"आज काही नाही. पण असंच चाललं तर पुढचं मी सांगायला नको. तुमच्या आईचं तुम्हीच सांगितलंत."

ती सोबत पाकिटांची पिशवी घेऊन गेली होती, डॉक्टरांनीच आणायला सांगितली होती. डॉक्टरांनी एक पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली. कसलासा स्टार्च, ग्लुकोज सिरप, पामतेल, चवीसाठीची द्रव्यं, रंग.

"यातलं काही तुमच्या गिरणीत दळायला येतं का?"

"न्हाय बा."

"सासूबाईंनी साठ वर्षं उपवास केले म्हणता. त्यांचं वजन किती?"

"वजन कुठलं. हाडं मोजून घ्या."

"त्या वरी, आमटी, रताळं खायच्या. एकदाच. तुम्ही उपवास म्हणून हे खाता, दिवसभर. यात चावायला काही नाही, पोटात टिकायला काही नाही, म्हणून तासाभरात परत भूक. देवाशी माझं भांडण नाही, पाकिटाशी आहे. रोज दोन-तीन बायका येतात माझ्याकडं अशा. घरादाराला ताजं करून घालतात आणि स्वतः उभ्यानं पाकिटं फोडतात." त्यांनी चिठ्ठीवर गोळी लिहिलीच नाही. लिहिलं ते असं: तीन महिने, दुपारी भाकरी, भाजी, डाळ. रोज. पाकीट बंद. चहात साखर बंद. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त.

"रोज म्हंजे उपवासाचं वार सोडून?"

"रोज म्हणजे रोज."

इथं खरी अडचण सुरू झाली. वर्षाराणी देवाला भीत नव्हती, देव समजून घेईल याची तिला खात्री होती. ती भीत होती तानाबाईला, आणि तेही वेगळ्या कारणानं. दोन वर्षांपूर्वी वर्षाराणीला टायफॉइड झाला तेव्हा तिचा शुक्रवार चुकला. म्हातारीनं काय करावं? "दिलेलं परत घेतो," म्हणाली आणि ऐंशीव्या वर्षी स्वतः कडक शुक्रवार धरला. संध्याकाळी न्हाणीत पडली. खांद्याचं हाड मोडलं, दीड महिना गळ्यात झोळी. आता सुनेनं वार सोडले हे कळलं असतं तर म्हातारी चारही वार घेऊन बसली असती. एकीचे डोळे वाचवायचे तर दुसरीचा जीव जायचा.

म्हणून वर्षाराणीनं घरात अवाक्षर काढलं नाही. आकारामलासुद्धा "म्याडमनी शक्तीचं सांगितलंय" एवढंच म्हणाली. फळीवरची पाकिटं तिनं विकायला ठेवली, स्वतः एकही फोडलं नाही. तानाबाई देवापाशी तिच्यासाठी केळं ठेवायची, ते ती सगळ्यांदेखत खायची. आणि पुढच्या सोमवारपासून दुपारी एकला ती गिरणी नवऱ्याच्या हवाली करून रिक्षात बसायला लागली.

कुजबुजीचं तुम्हाला सुरुवातीला सांगितलंच. नवरात्र लागल्यावर ती वाढली, कारण नवरात्रात नऊ दिवस उपवास आणि बाई रोजच राजारामपुरीला. त्यात भर म्हणजे ती ताजीतवानी दिसायला लागली होती. दुपारी तीनला झोपायच्या ऐवजी कट्ट्यावर खडे मारायची. "काय आबा, दळण झाल्याला दीड तास झाला, मुक्काम हाय का?" एवढा उपवास करून बाईला हा जोर येतो कुठून, असं बाळाबाईंना वाटलं आणि सहाव्या माळेला सकाळी त्या सरळ तानाबाईपाशी जाऊन बसल्या.

त्या काय म्हणाल्या ते त्यांचं त्यांना माहीत. तानाबाईनं सयाजीला बोलावणं धाडलं. दुपारी सुनेला सोडून सयाजी आला तेव्हा म्हातारी इरकली नेसून, काठी घेऊन दारात तयार होती.

"चल. तिला जितं सोडतोस तितं सोड."

"आज्जी, मी काय बी बगितलं न्हाय."

"मग गावभर सांगितलंस काय?"

सयाजीनं रिक्षा सुरू केली. मिरजकर तिकटीपर्यंत म्हातारी काठी दोन्ही हातांत धरून बसली. पुढं म्हणाली, "माझ्या सुनंनं काय केलं असलं तर मी बगीन. पण तू खोटं बोलला असलास तर तुझ्या आईला मी वळखतो."

ती दोन मजले चढली. दर पाच पायऱ्यांना थांबत, कठडा धरून. वर दार उघडल्याचा आवाज आला, मग दोन बायकांचे आवाज एकदम, मग काहीच नाही. दार आतून लागलं. सयाजी खाली मोबाइलमध्ये वेळ बघत बसला. पंधरा मिनिटं. अर्धा तास. एकदा त्याला वर कुणीतरी रडल्यासारखं वाटलं. एकदा कुणीतरी हसल्यासारखंही वाटलं. बरोबर एक तास पाच मिनिटांनी सासू-सुना हात धरून खाली उतरल्या. आणि दोघीही पदरानं तोंड पुसत होत्या.

रिक्षात तानाबाई फक्त एक वाक्य बोलली. "मीठ जरा कमीच हुतं." त्यावर वर्षाराणी इतकी हसली की सयाजीनं आरसा वळवून बघितलं.

त्या संध्याकाळी कट्ट्यावर मोठा पेच पडला. बाटलीत मीठ घालत नाहीत. बाबा अंगारा देतो, त्यात मीठ नसतं. मटणवाले जिंकल्यासारखे बसले. पण ब्याऐंशी वर्षांची तानाबाई अंबाबाईच्या नवरात्रात मटण खाईल हे त्यांच्याही गळी उतरेना.

दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी गिरणीवाल्यांच्या घरी उद्यापन झालं. उपवासाचं व्रत मधेच टाकत नाहीत, ते रीतसर पुरं करून देवाला परत करतात, हे तानाबाईला सुनेपेक्षा चांगलं माहीत होतं. तिनं पुन्हा देवापुढं सुनेला बसवलं आणि तिच्याकडून सुपारी मागून घेतली. पाणी सोडलं.

"आई अंबाबाई," म्हातारी मोठ्यानं म्हणाली, आम्हाला बाहेर ऐकू यावं इतकं मोठ्यानं, "साठ वरसं मी केलं, सा वरसं पोरीनं केलं. आता पुरं. मी बी धरणार न्हाय, ती बी धरणार न्हाय. तुला काय कमी पडलं तर मला सांग, हिला सांगू नगंस."

पाच सवाष्णी जेवल्या. नंतर कट्टाही जेवला. पुरणपोळी होती. पोळी वाढताना वर्षाराणी माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "पोटभर जेवा आबा. उद्या बोलायला ताकद लागंल."

शुक्रवार, शनिवार गेले, संकष्टीही गेली. गुरुवारसाठी ती वाडीला जाऊन आली आणि तोही सोडून आली. सोमवार तिनं ठेवला, स्वतःचा म्हणून. तो आता रात्रीच सुटतो, आणि दुपारी वरी आणि शेंगदाण्याची आमटी असते. ती तानाबाई करते. बसून ढवळायला जमतं तिला. फळीवरची पाकिटं अजून आहेत, शाळेतली पोरं ऐकत नाहीत. महिन्यातून एखाद्या वेळी ती स्वतःही वेफर्स फोडते आणि मला बघून पाठ करते.

मार्गशीर्षात रक्त पुन्हा तपासलं. पाच पॉइंट आठ. वजन साडेपाच किलोनं खाली. डोळे दुसऱ्या डॉक्टरांनी थेंब घालून तपासले, पडदा स्वच्छ निघाला. कागद घेऊन ती गिरणीत आली आणि तिनं तो आकारामच्या हातात दिला. त्यानं दोनदा वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि दळण टाकलं. त्या दिवशी तिघांकडून दळणाचे पैसे घ्यायला तो विसरला. मी त्यातला एक.

कट्ट्यावर मात्र अजून अधूनमधून राजारामपुरीचा विषय निघतो, आणि सयाजी अजून जिन्यातला रश्श्याचा वास सांगतो. म्हणून खरं काय ते लिहून ठेवतो. त्या फ्लॅटात संयोगिता राहते. ती वर्षाराणीची कबनूरच्या शाळेतली मैत्रीण. सकाळ-संध्याकाळ शिकवण्या घेते, दुपारी घरी एकटी असते. तिच्या स्वयंपाकघरात वर्षाराणी उपवासाच्या दिवशी दोन ज्वारीच्या भाकरी, मेथीची भाजी आणि वाटीभर आमटी खात होती.